खळकाकांच्या निवृत्तीची बातमी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात उपग्रंथपाल तिघे होते, पण बातमीबाई एकच. खरं तर त्यांच्याकडे नियतकालिकांचा विभाग होता. बारा वर्षांपूर्वी एका बैठकीत "वार्तापत्र कोण काढणार?" असा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांनी छताकडे पाहिलं आणि या बाईंनी चुकून समोर पाहिलं. तेव्हापासून ते आठ पानी मासिक लोढणं त्यांच्या गळ्यात पडलं, ते पडलंच. कुरकुर त्या रोज करत, पण कुणी "मी घेऊ का?" म्हटलं असतं, तर त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नसत्या.

वार्तापत्रातली दोनच सदरं लोक वाचत. कर्मचाऱ्यांचं 'आपली माणसं' आणि विद्यार्थ्यांचं 'नवे चेहरे'. नवी कपाटं, जुन्या समित्या वगैरे उरलेला मजकूर ज्यांनी लिहिला तेच वाचत, तेही आपलं नाव बरोबर आलंय ना एवढं बघण्यापुरतं. दोन्ही सदरांची शिस्त ठरलेली होती. बढती, निवृत्ती, लग्न, बाळ हे एका पानावर. पदक, पदवी, शिष्यवृत्ती हे दुसऱ्या.

या महिन्यात दोन्ही पानांना घसघशीत मजकूर होता. महिनाअखेरीला खळकाका निवृत्त होणार होते, आणि 'पेन्सिल'ला मोठी संशोधन शिष्यवृत्ती मिळणार, असं सगळेच धरून चालले होते.

खळकाका म्हणजे जुन्या कागदांच्या विभागातले दुरुस्तीकार. तळघरातली शेवटची खोली त्यांची. खिडकी वर, रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे त्यांना चौतीस वर्षं जगाचे फक्त पाय दिसले. खोलीत खालून दिवा लागणारं काचेचं टेबल, वजनासाठी कापडात गुंडाळलेल्या चार जुन्या इस्त्र्या, आणि कोपऱ्यात एक छोटी शेगडी. त्या शेगडीवर ते रोज सकाळी मैद्याची खळ शिजवत. मैदा घरी काकू चाळून देत, तीनदा, पातळ कापडातून. बाजारात तयार डिंकाच्या बाटल्या रांगेने मिळतात, पण काकांनी त्यातली एकही कधी खोलीत येऊ दिली नाही.

"डिंक हट्टी असतो, ताई," ते बाईंना म्हणत. "एकदा बसला की उठत नाही. खळ ओल्या बोळ्याने पुसली की सुटते. आपण लावलेलं पुढच्या माणसाला सोडवता आलं पाहिजे."

आणि प्रत्येक दुरुस्ती ते वहीत लिहीत. तारीख, कागद कुठला, काय केलं, कशाने केलं. अशा अकरा वह्या झाल्या होत्या. फाटून लक्तरं झालेला कागद त्यांच्या हाताखालून असा काही उठे, की बाई पाहतच राहत. बाईंना सहसा कुणाचं कौतुक करवत नसे. ग्रंथपाल साहेबांच्या भाषणांत तर त्या हिशेबाने जांभया देत. पण या माणसापुढे त्यांची जीभ आपोआप मऊ होई.

पेन्सिल ही संशोधन करणारी विद्यार्थिनी. जुन्या कागदांच्या विभागात शाईचं पेन नेता येत नाही; म्हणून ही मुलगी सदैव अंबाड्यात पेन्सिल खोचून फिरे, आणि घरी जातानाही ती तिथेच विसरे. तीन वर्षं ती एकाच पेटीला चिकटून होती. त्या पेटीत कुण्या एका नर्सने थोरल्या बहिणीला लिहिलेली दोनशे अकरा पत्रं होती. नर्स मुलांच्या वॉर्डात होती. इस्पितळाच्या जाड, मोठ्या कागदावर ती लिही आणि मधोमध घडी घालून पाठवी. पेन्सिल तिच्याबद्दल अशा थाटात बोलायची की ऐकणाऱ्याला वाटावं, हिची सख्खी मावशीच.

पेन्सिलच्या निबंधाचा कणा होता सत्त्याऐंशी नंबरचं पत्र. त्याच्या डाव्या अर्ध्या भागात एका मुलाची हकीगत होती. रात्रभर वॉर्डात एकटं ठेवलेलं ते मूल पहाटे गेलं. शेवटची ओळ होती, 'ताई, मी आता एक ठरवलं आहे.' आणि उजव्या भागाची पहिली ओळ, 'मेट्रनबाईंच्या टेबलावर राजीनामा ठेवला आणि बाहेर पडले. मागे वळून पाहिलं नाही.' पुढची वर्षभराची पत्रं नव्हतीच. त्यानंतर मात्र नर्स पुन्हा त्याच वॉर्डात दिसत होती आणि रात्री मुलांजवळ माणूस बसवायचा नियम झालेला होता. म्हणजे एका साध्या नर्सने राजीनामा तोंडावर फेकला, इस्पितळ नमलं आणि तिला मानाने परत बोलावलं, असा पेन्सिलचा निष्कर्ष. निबंध परीक्षकांनी डोक्यावर घेतला होता. आता गुरुवारी समितीपुढे तो मांडायचा, की झालं.

बाईंनी काकांची बातमी रविवारीच लिहून काढली आणि संध्याकाळच्या चहाबरोबर सासूबाईंपुढे ठेवली. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. वार्तापत्राचं मुद्रितशोधन त्या फुकटात करत आणि सुनेला झोडायची संधी हेच मानधन समजत.

"'चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही,'" सासूबाईंनी मोठ्याने वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "हा माणूस कामाला येत होता ना गं नक्की?"

"आई, तुम्ही त्यांना ओळखत नाही."

"चाळीस वर्षं मास्तरकी केली मी. एकही चूक न करणारी दोनच पोरं भेटली, आणि दोघंही गैरहजर असायची."

बाईंना राग आला. त्यांनी ते वाक्य मुद्दाम तसंच ठेवलं.

सोमवारी दुपारी काकांचा फोन आला. "ताई, जरा खाली येता का? घाई नाही," असं ते म्हणाले, पण आवाज ऐकून बाई अर्धा डबा तसाच टाकून गेल्या.

काचेच्या टेबलावर सत्त्याऐंशी नंबरचं पत्र होतं. गुरुवारी पेन्सिल बोलेल तेव्हा ते मूळ पत्र काचेच्या पेटीत मांडायचं ठरलं होतं. एरवी ही पत्रं उघडून, सपाट ठेवलेली असत. पण पत्र हातात आलं तेव्हा बहिणीला जसं दिसलं असेल तसं अर्धवट मिटलेलं मांडावं, असं काकांच्या मनात आलं. म्हणून त्यांनी ते हलक्या हाताने मिटलं होतं.

"हे बघा," ते म्हणाले.

वरच्या, म्हणजे डाव्या, पदराच्या खालच्या कोपऱ्यात कसरीने पाडलेलं एक भोक होतं, मोहरीएवढं. काकांनी वरचा पदर उचलला. खालचा पदर तिथे अगदी कोरा, धड.

"बरं मग?" बाईंना काही कळेना.

"कसर काय एक पदर खाऊन थांबते होय? घडी घातलेल्या कागदात शिरली की आरपार जाते. एका पदराला भोक आणि दुसऱ्याला नाही, असं होत नाही." ते स्टुलावर बसले. "हे दोन अर्धे एका पत्राचे नाहीत, ताई. मी जोडलेत ते."

मग त्यांनी पहिली वही उघडून दाखवली. तेहतीस वर्षांपूर्वी तळघरातला पाण्याचा नळ फुटला आणि ही पेटी भिजली. सत्त्याऐंशीनंतरच्या वर्षभराच्या पत्रांसकट काही पत्रांचा लगदा झाला. उरलेल्यांपैकी बऱ्याच पत्रांची घडी पाण्याने सुटून दोन-दोन तुकडे झाले. काका तेव्हा नोकरीत नवखे होते. तारीख फक्त पहिल्या अर्ध्यावर. कागद एकच, अक्षर एकच. त्यांनी मजकुराचा धागा जुळवत तुकडे वाळवले आणि पातळ टिश्यूने जोडले. वहीत नोंद होती: 'क्र. ८७. घडीवर सुटलेले. जोडले. खळ.'

"मजकूर वाचून जोडलं मी," काका म्हणाले. "'एक ठरवलं आहे' आणि पुढे 'राजीनामा'. किती छान बसतं! छान बसलं म्हणून कागदाकडे बघितलंच नाही. दुरुस्ती करणाऱ्याने वाचायचं नसतं, ताई. आधी कागद बघायचा."

पेन्सिलचा अख्खा निबंध त्या एका सांध्यावर उभा होता. त्यांनी उठून दार लोटलं.

"काका, हे कुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

"मग गुरुवार जाऊ दे. समिती होऊ दे, शिष्यवृत्ती पदरात पडू दे. मग सांगू तिला निवांत. पुस्तक लिहील तेव्हा दुरुस्त करेल. आणि तुमचाही शेवटचा आठवडा. कशाला उगाच..." बोलता बोलता त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, आणि तो काही त्यांना आवडला नाही. तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. "कशाला उगाच गालबोट?"

काका रागावले नाहीत. ते रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी पत्र पुन्हा उघडून सपाट केलं आणि वर कोरा कागद ठेवला.

"त्या पोरीने तीन वर्षं माझ्या भरवशावर घालवली," ते म्हणाले. "समितीपुढे उभं राहण्याआधी तिला कळलं पाहिजे. मग तिला काय करायचं ते ती करेल. मी रिटायर होईन हो, पण हे पत्र इथेच राहणार आहे."

पेन्सिलला बोलावलं. काकांनी तिला आडवळणाने काही सांगितलं नाही. पत्र मिटलं, भोक दाखवलं, वही दाखवली आणि म्हणाले, "चूक माझी आहे, बाळ."

तिने पत्र पाहिलं. पुन्हा मिटून पाहिलं. अंबाड्यातली पेन्सिल काढली, हातात धरली, आणि धरूनच राहिली. मग एकाएकी तिला रडू फुटलं; रडू म्हणजे हुंदके देऊन, नाक ओढत, कागदांवर पाणी पडू नये म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन. बाईंना ते बघवेना. दुःखाच्या भरातही कागदाची काळजी करणारी ती पोर पाहून त्यांचे स्वतःचेही डोळे भरले, आणि त्यांनी उगाच शेगडीचं बटण तपासलं.

"तुम्ही सांगितलं नसतं तर?" पेन्सिलने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

"तर कुणाला कळलं नसतं," काका म्हणाले.

ती निघून गेली. काका खुर्चीत तसेच बसून राहिले. सव्वा वाजता काकूंचा "जेवलात का?" हा रोजचा फोन येऊन गेलेला होता, तरी डबा उघडलेला नव्हता.

मंगळवारी सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी पेन्सिल पायरीवर बसलेली होती. डोळे सुजलेले, अंबाडा विस्कटलेला, पण पेन्सिल जागेवर.

"काका," ते आल्या आल्या ती म्हणाली, "भोक असलेला दुसरा अर्धा कुठेतरी असणारच ना?"

काकांचा चेहरा असा उजळला की बाईंना हसू आलं. "असणार तर! चल."

त्या दिवशी नियतकालिकांचा विभाग देवावर सोडून बाईही तळघरात राहिल्या. तिघांनी मिळून जोडलेली एकोणसाठ पत्रं एकेक करून दिव्यावर धरली. काका घडी मिटत, पेन्सिल भोकांच्या जागा मोजपट्टीने मोजे, बाई आकडे लिहीत. काकांचे ते हात! कागद उचलताना त्यांची बोटं जणू श्वास रोखून धरत. साठीला आलेला माणूस, डोक्यावर एवढी नामुष्की, आणि हात मात्र सकाळच्या पहिल्या कागदाला जसे होते तसेच संध्याकाळच्या शेवटच्यालाही. बाईंनी वार्तापत्रात बारा वर्षं 'कार्यनिष्ठा' हा शब्द चणे-फुटाण्यासारखा वाटला होता. तो दिसतो कसा, हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं.

चार वाजून गेल्यावर एकशे शहाण्णव नंबरच्या पत्राला उलटी खोड सापडली. ते पत्र अकरा वर्षांनंतरचं. तिथे डावा पदर धड, आणि उजव्याला खालच्या कोपऱ्यात मोहरीएवढं भोक. डाव्या भागात लिहिलं होतं, 'गुडघे आता जिने चढू देत नाहीत. मोठे डॉक्टरही म्हणाले, आता पुरे.' उजवीकडे मुलांबद्दल काही सूचना होत्या. पेन्सिलने टिपणात त्यांना 'नव्या नर्सेसना सल्ला' म्हणून टाकलं होतं.

काकांनी कापसाचा ओला बोळा दोन्ही सांध्यांवरून फिरवला. तेहतीस वर्षांची खळ पाच मिनिटांत मऊ झाली आणि टिश्यू अलगद सुटला. डिंक असता तर कागद फाटला असता. काकांनी अर्धे बदलले, पत्र मिटलं. भोकावर भोक बसलं.

पेन्सिलने वाचलं. "'ताई, मी आता एक ठरवलं आहे.'" मग उजवा पदर. "'रात्री कुठल्याही मुलाला एकटं ठेवायचं नाही. पाळी संपली तरी मी खुर्ची घेऊन बसणार. कुणी हो म्हणो की नाही. आता झोपते, उद्या सकाळी सातला परत ड्यूटी आहे.'"

वर खिडकीतून दोन-चार पाय गेले.

"ती गेलीच नाही," पेन्सिल म्हणाली. "अकरा वर्षं बसली खुर्ची घेऊन. आणि मी तिला दार आपटून बाहेर काढलं होतं."

गुरुवारी समितीपुढे ती उभी राहिली. मागच्या रांगेत काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि शेजारी बाई, पाचावर धारण बसलेल्या. पेन्सिलने सुरुवातच अशी केली, "मी पाठवलेल्या निबंधाचा मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे. तो कसा चुकला आणि कुणी पकडला, ते आधी सांगते." मग तिने घडी, भोक, वही, खळ सगळं सांगितलं. पत्र जोडणाऱ्याचं नाव घेताना तिने मागे बोट केलं नाही. काका आपण होऊन उभे राहिले आणि "तो मी," म्हणून परत बसले.

समितीतले एक प्राध्यापक नाकाने कांदे सोलण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे या इस्पितळात बंडही नाही आणि विजयही नाही. मग तुमच्या हातात उरलं काय?"

"एक खुर्ची, सर," पेन्सिल म्हणाली. "नियम कसा झाला ते अजून माहीत नाही. पण नियमाआधी खुर्ची होती, एवढं आता पुराव्याने सांगता येतं."

शिष्यवृत्ती दुसऱ्याला मिळाली. दोन दिवसांत पुरा न होणारा निबंध त्यांनी अपुरा म्हणून बाजूला ठेवला, आणि नियमाने पाहिलं तर त्यांचं चुकलंही नव्हतं. बाईंनी मात्र त्या प्राध्यापकांचं थकलेलं मासिक दोन दिवसांत परत मागवणारी सक्त नोटीस पाठवली आणि तेवढ्याने त्यांना थोडं बरं वाटलं.

"पुढच्या वर्षी परत अर्ज करता येतो, मॅडम," पेन्सिलनेच त्यांची समजूत काढली.

शनिवारी बाईंनी बातमी फाडली आणि नव्याने लिहिली. पहिल्यांदाच दोन सदरं एकत्र करून, दोन्ही पानांवर मिळून एकच मजकूर. ग्रंथपाल साहेबांनी कच्ची प्रत पाहिली आणि हातच टेकले.

"अहो, न मिळालेल्या शिष्यवृत्तीची बातमी कधी कुणी छापतं का? आणि निवृत्तीच्या बातमीत चूक?"

"मग पुढच्या महिन्यापासून वार्तापत्र तुम्ही काढा," बाई म्हणाल्या. साहेबांनी छताकडे पाहिलं आणि सही केली.

शेवटच्या दिवशी बाई ती प्रत घेऊन तळघरात गेल्या. इस्त्र्या पुसून ओळीने ठेवलेल्या होत्या. शेगडी थंड होती. काकू आलेल्या होत्या, आणि नवऱ्याने चौतीस वर्षं जिथे काढली ती खोली पहिल्यांदाच पाहत, "एवढीशीच होय?" म्हणत होत्या. काचेच्या टेबलाशी पेन्सिल वाकून बसली होती. तिच्यापुढे काकांची पहिली वही होती. सत्त्याऐंशीच्या नोंदीखाली काकांच्या अक्षरात नवी ओळ होती, 'चुकीचे जोडले होते. सोडवले. नीट जोडले,' आणि तिच्याखाली दोन सह्या.

काकांनी चष्मा लावून बातमी वाचली. त्यांनी लिहिलं होतं, 'चौतीस वर्षांत त्यांच्या कामात एक चूक झाली. ती त्यांनीच शोधली आणि त्यांनीच सांगितली.' या वाक्यावर त्यांनी रात्रीची झोप घालवली होती, आणि सासूबाईंनी पहिल्यांदाच काही न बोलता पान परत दिलं होतं.

"छान लिहिलंय, ताई," काका म्हणाले. "एवढं एक वाक्य तेवढं बरोबर नाही."

"का? दुखावलात का, काका? काढून टाकते."

"काढू नका." त्यांनी पेन्सिलपुढे हात केला. तिने अंबाड्यातली पेन्सिल काढून दिली. काकांनी 'झाली' हा शब्द एका रेघेने खोडला आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'सापडली'.

"बाकीच्या दहा वह्यांत आहेत ना कागद," ते म्हणाले. "ते कुठे बघितलेत अजून?"

त्यांनी पेन्सिल परत दिली, काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि दाराशी वळून शेगडीचं बटण एकदा तपासलं. पेन्सिलने दुसरी वही उघडली, पहिल्या नोंदीतला नंबर पाहिला आणि कपाटातून तो कागद काढून, हलक्या हाताने उचलून, दिव्यावर धरला.